४०० अंशांवर अडलेली वाफ

कोपनहेगनच्या आमागर बाके या कचरा-वीज प्रकल्पाच्या छपरावर लोक स्कीइंग करतात, म्हणून त्याचे फोटो जगभर फिरतात. मला थक्क करतो तो छपराखालच्या बॉयलरमधला आकडा. तिथली वाफ ४४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि कचऱ्याच्या बॉयलरसाठी हे धाडस मानलं जातं. बहुतेक प्रकल्प ४०० च्या आसपास थांबतात. कोळशाच्या आधुनिक वीजकेंद्रांत वाफ ६०० च्या घरात जाते. आपल्या साखर कारखान्यांतले सहवीजनिर्मितीचे अनेक नवे बॉयलर बगॅसवर चालूनही ५०० ओलांडतात. वाफ जितकी गरम, तितकी त्याच इंधनातून वीज जास्त. शिवाय युरोपातल्या नियमानुसार कचऱ्याच्या भट्टीतला धूर किमान २ सेकंद ८५० अंशांवर ठेवावाच लागतो. एवढी उष्णता हाताशी असताना वाफ अडते कुठे?

मिठापाशी. उरलेल्या आमटी-भाजीतलं मीठ आणि पीव्हीसीच्या पाइपांतलं, वायरींच्या आवरणांतलं क्लोरीन, दोन्ही भट्टीत एकत्र येतात. सोडियम-पोटॅशियमची क्लोराइडं वायुरूप होऊन धुराबरोबर निघतात आणि सगळ्यात थंड पृष्ठभागावर, म्हणजे आतून वाफ खेळणाऱ्या नळ्यांवर, गोठून बसतात. त्यांवर राख चिकटते आणि पोपडा जाड होत जातो.

शुद्ध मीठ ८०१ अंशांना वितळतं, तेव्हा नळीवर ते घट्टच राहायला हवं. पण कचऱ्यात टायरमधलं जस्त असतं, जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं असतं. जस्ताचं क्लोराइड पोटॅशियमच्या क्लोराइडात मिसळलं, की ते मिश्रण २५० अंशांच्या आसपाससुद्धा वितळू शकतं. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकल्यावर बर्फ शून्याखालीही वितळतो, तोच हा नियम. नळीवर मग वितळलेल्या क्षारांचा पातळ थर पसरतो आणि पोलाद त्यात विरघळू लागतं.

खरी कमाल मात्र पोपड्याच्या तळाशी आहे. अशा नळीचा आडवा छेद घेतला तर वर राखेचं टणक कवच, त्याखाली क्षार, मग लोखंडी ऑक्साइडचे सुटे पापुद्रे आणि अगदी धातूला लागून लोखंडाचं क्लोराइड दिसतं. तुकडा उघड्यावर ठेवला की हवेतला ओलावा शोषून हा भाग दमट, तपकिरी होतो. बॉयलर चालू असताना इथे क्लोरीन ऑक्साइडच्या भेगांतून खाली उतरतं आणि लोखंडाशी संयोग पावतं. तयार झालेलं क्लोराइड त्या उष्णतेत थोडंथोडं वाफ होऊन वर सरकतं. वर ऑक्सिजन भेटला, की लोखंडाचं ऑक्साइड होतं आणि क्लोरीन सुटतं. त्यातलं काही पुन्हा खाली उतरतं. म्हणजे लोखंड संपत जातं, पण क्लोरीन जवळजवळ खर्चच होत नाही! धातू जितका गरम, तितकं हे चक्र वेगवान, म्हणूनच वाफ जास्त तापवता येत नाही. प्रतिकूल परिस्थितीत साधं पोलाद वर्षाला मिलिमीटरभर झिजू शकतं आणि नळीची भिंत असते जेमतेम चार-पाच मिलिमीटरची.

बरं, पोपडा काढून टाकावा म्हटलं, तर वाफेच्या जोरदार झोतांनी धातूवरचं संरक्षक ऑक्साइडही उडतं. आणि ठेवावा, तर उष्णता नळीत शिरत नाही. धूर गरमच पुढे जातो आणि पुढच्या नळ्यांना त्रास देतो. काही ठिकाणी बॉयलर चालू असतानाच आत छोटे स्फोट घडवून पोपडे पाडतात. नळ्यांवर इन्कोनेल ६२५ या मिश्रधातूचा, म्हणजे निम्म्याहून जास्त निकेलचा, थर वेल्डिंगने चढवतात. तो खूप टिकतो, पण महाग पडतो आणि तापमान चढवत नेलं तर तोही झिजतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला २०२३ पासून कचऱ्यावर वीज तयार होते आहे. अशा नळ्या वाचवायच्या तर सुक्या कचऱ्याच्या डब्यात बॅटरी, वायरीचा तुकडा, पीव्हीसीचा पाइप टाकू नका. भंगारवाल्याला किंवा ई-कचरा केंद्रात द्या.