आत्याचा पंप

नवरात्र सरले, की नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचे!) आमच्या घरी झाडलोट सुरू होते; आणि आत्याचा दमाही. गेल्या साली माळ्यावरची धूळ उडाली नि तिला धाप लागली.

“आत्या, पंप कुठे ठेवलास?”

“सोडला. कोलेस्टेरॉलची गोळी घेते ना, ती दम्यालाही चालते म्हणे!”

माझ्या छातीत धस्स झाले. तसेच डॉक्टर गाठले, म्हणून निभावले.

आत्याचे ऐकणे अगदीच निराधार नव्हते. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ साली एका बुरशीत यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. त्याच वाटेने पुढे स्टॅटिन गोळ्या आल्या. त्या सूजही काहीशा शमवतात आणि दम्यात तर श्वासनलिकाच सुजतात! म्हणून दमेकऱ्यांना त्या देऊन पाहिल्या. पण गुण सर्वांना सारखा आला नाही. पंपाची जागा त्यांना घेता आलेली नाही.

डॉक्टर म्हणाले, “आत्याबाई, गोळी हृदयासाठी, पंप श्वासासाठी. दोन्ही चालू ठेवा.”

यंदा माळा मी झाडला. आत्या दूर ओसरीवर बसून हुकूम सोडत होती. बटव्यात सुपारीशेजारी पंप होता!