आजारांचीही खतावणी हवी
आरे कॉलनीच्या दमट पावसाळी हवेत खोकला नवा नाही. परंतु प्रौढ माणसास वर्षागणिक न्यूमोनिया होत असेल, सायनसचा त्रास पुनःपुन्हा उलटत असेल, तर दोष केवळ हवेला देऊ नये. प्रतिकारशक्तीतील काही आनुवंशिक उणिवा विशी-तिशीनंतरच प्रकट होतात. निदानास विलंब झाल्यास फुफ्फुसांची हानी कायमची ठरू शकते. रक्तातील आयजीजी, आयजीए व आयजीएम ही प्रतिद्रव्ये मोजणे ही पहिली पायरी. पुढील सखोल तपासण्या परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत होतात. प्रतिद्रव्यांचीच उणीव असल्यास दात्यांच्या रक्तद्रवातून मिळवलेली प्रतिद्रव्ये नियमित देता येतात. म्हणून पेढीच्या खतावणीप्रमाणे घरातील आजारांचीही वर्षवार नोंद ठेवावी, भावंडांच्या आजारांसह. आणि ती डॉक्टरांपुढे उघडावी.