मेंदूतील अर्बुदे आणि किरणशस्त्रक्रिया

मानवाचा मेंदू कवटीच्या कठीण पेटीत सुरक्षित ठेवलेला असतो. बाहेरील आघातांपासून ही पेटी त्याचे रक्षण करते. परंतु मेंदूत एखादी गाठ, म्हणजेच अर्बुद, वाढू लागले की हेच कवच संकटाचे कारण होते. पोटात वाढणाऱ्या गाठीला पसरण्यास काही जागा मिळते. कवटीत ती मिळत नाही. म्हणून कर्करोगाच्या वर्गात न मोडणारे आणि सावकाश वाढणारे अर्बुदही तेथे दृष्टी, श्रवण किंवा हालचाल यांची केंद्रे दाबून रुग्णास पंगू करू शकते, प्रसंगी त्याचे प्राणही घेते.

अर्बुद काढून टाकणे हा यावरील सरळ उपाय होय. पण ते मेंदूच्या पृष्ठभागाजवळ नसून खोलवर असेल, तर तेथवर पोहोचण्यासाठी शस्त्राला निरोगी भागातून वाट काढावी लागते. कापलेली त्वचा काही दिवसांत सांधते. मेंदूतील नष्ट झालेल्या चेतापेशी मात्र सहसा पुन्हा निर्माण होत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील हार्वे कुशिंग (१८६९–१९३९) यांनी मेंदूवरील शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच खाली आणले. तरीही खोलवरच्या अर्बुदांच्या बाबतीत रोगापेक्षा उपचाराचीच भीती अधिक, अशी स्थिती अनेकदा उद्भवत असे. या अडचणीतून मार्ग शोधणाऱ्यांत स्वीडनमधील शल्यतज्ज्ञ लार्स लेक्सेल (१९०७–१९८६) यांचे स्थान अग्रभागी आहे. स्टॉकहोम येथील विख्यात शल्यतज्ज्ञ हर्बर्ट ओलिवेक्रोना यांचे ते शिष्य. कवटी न उघडता तिच्या आतील एका नेमक्या जागी उपचार पोहोचविता येईल काय, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न होता.

बिंदूचे स्थान

खोलीत टांगलेल्या दिव्याची जागा तीन अंतरांनी नक्की सांगता येते : एका भिंतीपासून किती, तिला लागून असलेल्या दुसऱ्या भिंतीपासून किती आणि जमिनीपासून किती. हेच तत्त्व डोक्यालाही लावता येते. मात्र डोक्याला सपाट भिंती नसतात. म्हणून त्याभोवती एक दृढ चौकट बसवून तिच्यापासून अंतरे मोजावी लागतात. लंडन येथे हॉर्सले आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी अशी चौकट वर्णन केली. माणसाच्या मेंदूसाठी तिचा उपयोग फिलाडेल्फिया येथे श्पीगल आणि वायसिस यांनी १९४७ मध्ये केला.

लेक्सेल यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत एक सोपी पण फार उपयुक्त सुधारणा होती. त्यांनी चौकटीवर धातूची एक अर्धवर्तुळाकार कमान बसविली आणि मेंदूतील इष्ट बिंदू नेमका त्या कमानीच्या केंद्रस्थानी येईल अशी रचना केली. वर्तुळाच्या सर्व त्रिज्या समान असतात आणि त्या केंद्रातच मिळतात, हे शाळेतील विद्यार्थ्यांसही ठाऊक असते. त्यामुळे कमानीवर कोठूनही त्रिज्येच्या दिशेने सुई आत सरकविली, तरी तिचे टोक त्याच बिंदूवर पोहोचते. सुईची वाट आता शल्यतज्ज्ञाला सोयीनुसार निवडता येऊ लागली.

सुईच्या जागी किरण

सुई एका वेळी एकाच वाटेने जाते आणि त्या वाटेवर थोडी तरी इजा करते. सुईच्या जागी किरण वापरले, तर अनेक त्रिज्यांवरून ते केंद्राकडे सोडता येतील, असा विचार लेक्सेल यांनी केला. १९५१ मध्ये त्यांनी ही कल्पना प्रसिद्ध केली आणि तिला ‘किरणशस्त्रक्रिया’ या अर्थाचे नाव दिले.

भिंगाने सूर्यकिरण एकत्र करून कागद जाळण्याचा खेळ मुलांच्या परिचयाचा आहे. क्ष-किरण किंवा गॅमा किरण काचेच्या भिंगाने असे वळविता येत नाहीत. म्हणून येथे वेगळी युक्ती योजावी लागते. अनेक क्षीण शलाका निरनिराळ्या दिशांनी सोडावयाच्या आणि त्या सर्वांचा छेद एकाच ठिकाणी होईल असे करावयाचे. प्रत्येक शलाका आपल्या वाटेवरील मेंदूला अत्यल्प किरण देते. जेथे सर्व शलाका मिळतात तेथे मात्र त्यांची बेरीज होऊन मोठी मात्रा तयार होते.

प्रथम लेक्सेल यांनी कमानीवर क्ष-किरणांची नळी बसवून पाहिली; पण ते किरण खोलवर जाईपर्यंत पुष्कळच क्षीण होत. पुढे उप्साला येथील भौतिकशास्त्रज्ञ बर्ये लार्सन यांच्या सहकार्याने त्यांनी सायक्लोट्रॉन यंत्रातून निघणारे वेगवान प्रोटॉन वापरले. प्रयोग यशस्वी झाले, परंतु एवढे अवजड आणि गुंतागुंतीचे यंत्र रुग्णालयात नित्य चालविणे त्या काळी व्यवहार्य नव्हते. शेवटी त्यांची दृष्टी किरणोत्सर्गी कोबाल्टकडे वळली.

गॅमा यंत्राची रचना

कोबाल्ट-६० या समस्थानिकातून भेदक गॅमा किरण सतत बाहेर पडतात. लेक्सेल यांच्या पहिल्या यंत्रात अशा १७९ किरणस्रोतांची मांडणी होती. हे यंत्र १९६८ च्या सुमारास स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट रुग्णालयात वापरात आले. जाड धातूच्या आवरणात स्रोत बसविलेले, प्रत्येकापुढे एक अरुंद वाट, आणि सर्व वाटांचा रोख एकाच केंद्राकडे, अशी त्याची रचना होती. रुग्णाचे डोके चौकटीत स्थिर करून अर्बुद त्या केंद्रावर आणीत. केंद्रावरील मात्रेचे साधारण १७९ भाग केले, तर एका शलाकेच्या वाट्याला त्यातील एकच भाग येतो. पुढे १९८० च्या दशकातील यंत्रांत स्रोतांची संख्या २०१ झाली.

या साधनास ‘गॅमा नाइफ’ म्हणजे गॅमा सुरी हे नाव रूढ झाले. प्रत्यक्षात तेथे सुरी नसते व रक्तही सांडत नाही. कोबाल्ट-६० ची किरण देण्याची शक्ती सुमारे सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. त्यामुळे स्रोत जुने होत जातात तसा उपचाराला लागणारा वेळ वाढतो आणि काही वर्षांनी ते बदलावे लागतात.

किरणांचे कार्य

किरण अर्बुद जाळून टाकतात, ही समजूत बरोबर नाही. ते पेशीतील आनुवंशिक द्रव्याला इजा करतात. त्यामुळे पेशींचे विभाजन खुंटते व काही पेशी हळूहळू मरतात. अर्बुदाची वाढ थांबणे हेच बहुधा पहिले यश असते; ते आकुंचन पावले तरी त्यास महिने, कधी वर्षेही लागतात.

नेहमीच्या किरणोपचारात रोज थोडी मात्रा देऊन तो अनेक आठवडे चालवितात. दोन मात्रांमधील अवधीत निरोगी पेशी आपली इजा भरून काढतात. किरणशस्त्रक्रियेत मोठी मात्रा एकाच बैठकीत, किंवा अलीकडे फार तर पाच बैठकींत, देतात. येथे निरोगी पेशींना सावरण्यास अवधी नसल्यामुळे त्यांचे रक्षण केवळ किरणांच्या अचूकतेवर अवलंबून असते. नेम मिलिमीटरभर चुकला, तरी दृष्टीच्या चेतातंतूवर किंवा मस्तिष्कस्तंभावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

न दिसणारे लक्ष्य

नेम अचूक असला, तरी लक्ष्य दिसले पाहिजे. १९५१ मध्ये मेंदूतील मृदू भाग दाखविणारे चित्र उपलब्ध नव्हते. मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून किंवा रक्तवाहिन्यांत रंजकद्रव्य सोडून क्ष-किरणचित्रे घेत आणि त्यांवरून आतील रचनेचे अनुमान करीत. म्हणून लेक्सेल यांचा आरंभीचा भर अर्बुदांवर नसून असह्य वेदनांसारख्या विकारांवर होता. त्यांतील लक्ष्याचे स्थान गणिताने काढता येत असे.

लंडनमध्ये १९७१ च्या ऑक्टोबरात हौन्सफील्ड यांच्या संगणकीय क्ष-किरणयंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. १९८० च्या दशकात चुंबकीय अनुस्पंदनाची चित्रे मिळू लागली. मग अर्बुदाची कड स्पष्ट दिसू लागली आणि किरणशस्त्रक्रियेचा प्रसार जगभर झाला. भारतात नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९७ मध्ये गॅमा यंत्रावरील उपचार सुरू झाले. रेषीय प्रवेगकातून निघणारे क्ष-किरण वापरणारी यंत्रेही आता त्याच तत्त्वावर काम करतात.

मात्रा आणि मर्यादा

किती किरण द्यावे, हे ठरविण्यास आणखी बराच काळ लागला. कानाकडे जाणाऱ्या चेतातंतूच्या आवरणातून उद्भवणाऱ्या अर्बुदाचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. त्याला लागूनच चेहऱ्याच्या स्नायूंचा चेतातंतू असतो. आरंभीच्या वर्षांत अर्बुदाच्या कडेपाशी १८ ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा देत. तेव्हा काही रुग्णांचा चेहरा एका बाजूने लुळा पडे. मात्रा उतरवीत सुमारे १२ ते १३ ग्रेपर्यंत आणली, तेव्हा असे दिसून आले की दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक रुग्णांत अर्बुदाची वाढ तरीही थांबते आणि चेहऱ्याचे चलन बहुतेकांत शाबूत राहते. ऐकण्याची शक्ती मात्र पुढील वर्षांत काहींची कमी होते.

शरीरातील अन्य कर्करोगांतून मेंदूत पसरलेल्या गाठींवरही हा उपचार मोठ्या प्रमाणात होतो. पूर्वी अशा रुग्णांच्या संपूर्ण मेंदूला किरण देत. गाठी थोड्या असता किरणशस्त्रक्रियेला संपूर्ण मेंदूच्या किरणोपचाराची जोड दिल्याने आयुष्य वाढत नाही, उलट स्मरणशक्तीची हानी अधिक होते, असे २००९ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत आढळले.

या उपचाराच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. गाठ साधारण तीन सेंटिमीटरहून मोठी असेल, तर आजूबाजूस सांडणारी मात्रा वाढते. गाठीचा दाब तातडीने कमी करावयाचा असेल, तर शस्त्रक्रियाच करावी लागते, कारण किरणांचा परिणाम सावकाश होतो. ग्लायोब्लास्टोमासारखे घातक अर्बुद निरोगी मेंदूत मुळांप्रमाणे शिरलेले असते; त्याला निश्चित कड नसल्यामुळे तेथे अचूक नेमाचाही फारसा उपयोग होत नाही. काही रुग्णांत उपचारानंतर कित्येक महिन्यांनी आजूबाजूच्या भागास सूज येते किंवा तेथील पेशी मरतात, म्हणून वर्षानुवर्षे तपासणी चालू ठेवावी लागते.

कमानीची भूमिती १९४९ मध्येच सिद्ध झाली होती. पण तिचा पुरा लाभ अर्बुदांच्या रुग्णांना मिळण्यास योग्य किरणस्रोत, स्पष्ट चित्रे आणि बेताची मात्रा या तिन्हींची वाट पाहावी लागली. त्यांसाठी शल्यतज्ज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते यांचे चार दशकांचे परिश्रम खर्ची पडले. अर्बुदावर पडलेल्या किरणांइतकेच महत्त्व त्याशेजारील निरोगी मेंदूवर न पडलेल्या किरणांना आहे, हे या संशोधनाचे सार होय.