खड्डा कोणाच्या हद्दीत?

पावसाळ्यात नालासोपारा स्टेशनबाहेर गुडघाभर पाणी साचलं की गर्दीतून दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘महापालिका झोपलीय काय?’ दुसरं, ‘देऊन टाका सगळं खासगी कंपनीला, मग बघा कसं सुधारतं.’ त्यावर कोणीतरी तावातावाने म्हणतो, ‘म्हणजे शहर विकायला काढा!’ तिघांचाही राग खरा असतो, माहिती मात्र अर्धीमुर्धी.

गैरसमज: वसई-विरारमध्ये जे जे बिघडलंय ते महापालिकेचं पाप.

महापालिका इथे आली 3 जुलै 2009 ला. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून ती झाली. त्याआधी 1990 पासून इथलं नियोजन सिडकोच्या हातात होतं. 2001 ते 2021 या वीस वर्षांचा विकास आराखडा मंजूर झाला तो 2007 मध्ये. तोवर बांधकामं काही आराखड्याची वाट पाहत थांबली नव्हती.

आजही शहरातल्या कितीतरी गोष्टी पालिकेच्या नाहीत. मुंबई-अहमदाबाद महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. विजेचे खांब आणि डीपी महावितरणच्या. वसईचा किल्ला पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचा. वसई-भाईंदर रो-रो मेरीटाइम बोर्डाची. रुळांखालच्या मोऱ्या रेल्वेच्या. 10 जुलै 2018 ला नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकल ठप्प झाल्या, लांब पल्ल्याच्या गाडीतले प्रवासी अडकून पडले आणि मिठागरातल्या कुटुंबांना बाहेर काढायची वेळ आली. ते पाणी एका खात्याचं नव्हतं. मोऱ्या, नाले, खाडीचं मुख, सखल जागांवर झालेला भराव, असा सगळ्यांचा त्यात वाटा होता. पुढे पालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी यांची सत्यशोधन समिती नेमली. पावसाचं पाणी थोपवून धरणारे धारण तलाव करा, अशी शिफारस तिने केली. पाणी मात्र त्यानंतरही साचत राहिलं.

एवढं सांगूनही पालिका सुटत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये गटारं, रस्ते, पाणीपुरवठा, कचरा ही तिची बंधनकारक कर्तव्यं म्हणून लिहिलेली आहेत. ती कर्तव्यं पार पाडली जातात का, हे विचारायला 28 जून 2020 नंतर सभागृहच नव्हतं. मुदत संपली, निवडणूक लांबली आणि जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत प्रशासकाचा कारभार चालला. नगरसेवकाला शिव्या घालण्याची सोयसुद्धा साडेपाच वर्षं नव्हती, असं म्हणायला हरकत नाही.

गैरसमज: ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ म्हटलं की विषय संपला.

हा गैरसमज लोकांचा कमी आणि कार्यालयांचा जास्त. अर्ज इकडून तिकडे फिरतो, तोवर खड्ड्यात खडी पडते आणि पुढच्या सरीत वाहून जाते. 13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने या टोलवाटोलवीवर नेमकं बोट ठेवलं. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख रुपये आणि जखमीला दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. आणि ती फक्त महापालिकांनी नव्हे, तर एमएमआरडीए, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण, ज्याचा रस्ता त्याने. रक्कम पुढे दोषी ठेकेदार आणि अधिकाऱ्यांकडून वसूल करायची. हद्दीचा वाद त्यांनी आपापसांत घालावा, जखमी माणसाने त्यात कशाला पडायचं?

इमारतींबाबतही तसंच आहे. ‘खासगी इमारत पडली, त्यात पालिकेचा काय संबंध?’ असं सहज बोललं जातं. विरार पूर्वेच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग ऑगस्ट 2025 मध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री कोसळला आणि 17 माणसं गेली. इमारत अनधिकृत होती. धोकादायक इमारत रिकामी करणं, पाडणं हा अधिकार त्याच अधिनियमाच्या कलम 264 ने आयुक्तांना दिलाय. 30 वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कलम 265-अ ने बंधनकारक केलीय. रमाबाई मात्र तीस वर्षांची नव्हतीच, जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. म्हणजे जुनाट इमारतींसाठी केलेली चाळणी तिला लागूच होत नव्हती. तिला अडवायला हवं होतं ते पाया खणतानाच.

गैरसमज: कामं रखडतात ती पैसे नाहीत म्हणून.

कधीकधी खरं आहे, पण इथली दोन उदाहरणं वेगळंच सांगतात. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखलेल्या जागेवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या तेव्हा तिथे कुटुंबं वर्षानुवर्षं राहत होती. म्हणजे सुविधा बांधायला निधी मिळाला असता तरी जागाच उरली नव्हती. शहरात सांडपाण्याचं चालतं केंद्र आहे ते बोळिंजचं, दिवसाला 30 दशलक्ष लिटरचं. 2011 च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती. बाकीचं पाणी नाल्यातून खाडीत आणि समुद्रात जातं, हे समजायला अभियंता व्हायला नको.

दुसरं उदाहरण सूर्या धरणाच्या पाण्याचं. एमएमआरडीएची ही योजना 403 दशलक्ष लिटरची. त्यातलं 185 वसई-विरारचं, उरलेलं मिरा-भाईंदरचं. पहिला टप्पा बांधून, चाचणी होऊन 2023 मध्ये काही महिने थांबला, उद्घाटनाच्या तारखेसाठी. आंदोलनं झाली आणि अखेर नोव्हेंबरात सोहळ्याविनाच पाणी सोडलं गेलं. इथे पैसाही होता, नळही होता आणि धरणात पाणीही होतं.

गैरसमज: खासगीकरण ‘येणार’ आहे.

ते केव्हाच आलंय. संध्याकाळी विरार पूर्वेच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून पाहा. दहा हजार लिटरचा टँकर मागे येतो, क्लीनर काळा रबरी पाइप खेचत नेऊन जमिनीखालच्या टाकीत सोडतो आणि वॉचमन वहीत गाडीचा नंबर लिहून सही घेतो. महिन्याच्या शेवटी ती वही सेक्रेटरीकडे जाते आणि देखभालीच्या बिलात उतरते. या पाण्याला नियामक नाही, दरपत्रक नाही, आणि ते पिण्याजोगं आहे का हे तपासण्याची सक्ती कोणी पाळताना दिसत नाही. नळपाण्याच्या खासगीकरणाविरुद्ध मोर्चा काढणारी माणसंही रोज हेच पाणी विकत घेतात. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी, विहिरी खारट होतात म्हणून, टँकरसाठी होणाऱ्या उपशाला जुन्या काळापासून विरोध केलाय. तोही विसरू नये.

बसचंही तेच. पालिकेची परिवहन सेवा 2012 मध्ये सुरू झाली तीच ठेकेदारामार्फत. पाटी परिवहनची, चालक-वाहक ठेकेदाराचे. पगार थकला की संप, आणि संप झाला की प्रवासी स्टेशनवर ताटकळत. एसटीने 2017 मध्ये शहरी फेऱ्यांतून अंग काढायचं ठरवलं तेव्हा लोक उच्च न्यायालयात गेले. तिथे मुद्दा सरकारी-खासगीचा नव्हता. शेवटची बस कोण सोडणार, एवढाच होता.

गैरसमज: खासगी म्हणजे मालमत्ता विकली.

इथे शब्द नीट वापरले तर अर्धी भांडणं मिटतील. मुंबई-अहमदाबाद महामार्गाचंच उदाहरण घ्या. सुरत-दहिसर हा 239 किलोमीटरचा पट्टा 2009 मध्ये ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर आयआरबी या खासगी कंपनीकडे गेला. रस्ता सरकारचा, खानिवडे आणि चारोटीचा टोल ठरावीक वर्षं कंपनीचा. मुदत संपल्यावर रस्ता प्राधिकरणाकडे परत आला, टोल मात्र सुरूच राहिला. मग काँक्रिटीकरण निघालं आणि वाहनचालक टोलही भरत राहिले आणि रांगेतही उभे राहिले.

विजेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रँचायझीत तारा, रोहित्रं महावितरणचीच राहतात, कंपनी वीज घेऊन वाटते आणि बिलं वसूल करते. समांतर परवान्यात दुसरी कंपनी आपलं जाळं टाकून त्याच भागात ग्राहक घेऊ शकते. ही तरतूद 2003 च्या वीज कायद्यात आहे आणि निर्णय राज्य वीज नियामक आयोगाचा. 4 जानेवारी 2023 ला वीज कर्मचाऱ्यांनी 72 तासांचा संप पुकारला तो भांडुप, ठाणे, नवी मुंबई या भागांसाठी अदानींनी मागितलेल्या अशा परवान्यावरून. त्याच दिवशी चर्चेनंतर तो मागे घेतला गेला. कर्मचाऱ्यांची भीती पोकळ नव्हती. बिल वेळेवर भरणारे मोठे ग्राहक नव्या कंपनीकडे गेले तर शेतकऱ्याच्या आणि झोपडपट्टीच्या सवलतीचा भार पेलायचा कोणी?

आता ‘खासगी आलं की सुधारतं’ याचा हिशेब. भिवंडीत टोरंट ही खासगी कंपनी 2007 मध्ये विजेची फ्रँचायझी म्हणून आली. तेव्हा निम्म्याहून अधिक वीज गळती आणि थकबाकीत जात होती. ती बरीच खाली आली, पण बिलं आणि वसुलीवरून मोर्चेही निघत राहिले. हाच नमुना 2011 मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरला नेला. औरंगाबादचा करार 2014 मध्ये रद्द झाला, जळगावचा 2015 मध्ये संपला आणि नागपूरच्या कंपनीने 2019 मध्ये कारभार महावितरणला परत दिला. तिन्ही शहरांत कारभार परत घ्यायला सरकारी कंपनी होती म्हणून दिवे लागले. मला यातून दिसतं ते एवढंच, की कंपनी पळून गेल्यावर काय, याची सोय करारात आधीच हवी.

गैरसमज: सामान्य माणसाला करारातलं काय कळणार?

कळतं, फक्त मागायचं काय ते ठाऊक हवं. आपल्या गल्लीतला रस्ता कोणी बांधला, कार्यादेश कोणत्या तारखेचा, दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो आणि त्या काळात ठेकेदाराकडून काय दुरुस्त करून घेतलं, एवढं विचारलं तरी बरंच उघड होतं. तो कालावधी चालू असताना खड्डा पालिकेच्या पैशातून बुजवला गेला असेल, तर पुढचा प्रश्न लेखापरीक्षणाचा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा, उत्तराची मुदत 30 दिवसांची. महाराष्ट्रात तो 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो, तेव्हा रस्ता, पाणी आणि डीपी यांचे तीन अर्ज वेगवेगळे करा.