लघुभयपटांची पारख

पाश्चात्य देशांत ३१ ऑक्टोबरच्या 'हॅलोविन' रात्रीं भयपट पाहण्याची चाल आहे. त्यानिमित्त आम्हीं तीन लघुपट पाहून त्यांस दहांपैकीं गुण दिले.

मेलिएस यांच्या १८९६ मधील फ्रेंच पटांत वटवाघुळाचा सैतान होतो. आज त्याचें हसूंच येतें. गुण चार. एडिसन कंपनीच्या १९१० मधील 'फ्रँकेनस्टाइन'मध्यें जळत्या पुतळ्याचें चित्रण उलट फिरवून राक्षस घडविला आहे. ती युक्ति आजहि अंगावर कांटा आणते. गुण सात. सँडबर्ग यांचा २०१३ मधील 'लाइट्स आउट' तीन मिनिटांचाहि नाहीं. दिवा मालवितांच आकृति दिसते, लावितांच नाहींशी होते! गुण नऊ.

उघड्या सैतानापेक्षां अंधारांतील अर्धवट आकृतीच अधिक भिववितें, हें खरें. परंतु दिवा तर मुलांस रोजच मालवावा लागतो. म्हणून हा तिसरा पट वडील माणसांनींच पाहावा.