सोबत राहण्याला कायद्याची आडकाठी नाही, पण कागद हवेत

कामोठे, खारघर किंवा नवीन पनवेलमध्ये भाड्याचं घर शोधायला गेलं की एजंट आधी विचारतो, "फॅमिली की बॅचलर?" लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं यांपैकी कुठेच बसत नाही. सोसायटीत काय सांगायचं, याच काळजीत ते असतं आणि हक्कांची माहिती ऐकीव गोष्टींवरच राहते. या अर्धवट माहितीची किंमत बहुतेकदा बाईला मोजावी लागते. म्हणून काही समज तपासून पाहू.

गैरसमज : लग्नाशिवाय एकत्र राहणं गुन्हा आहे.

वस्तुस्थिती : दोन सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीनं एकत्र राहणं हा गुन्हा नाही. अभिनेत्री खुशबू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये हे स्पष्ट केलं. उत्तराखंडात जानेवारी 2025 पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची झाली. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. मात्र लग्न करायचंच नाही हे मनात ठेवून, लग्नाचं खोटं वचन देत स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 नुसार गुन्हा आहे.

गैरसमज : भाडेकराराला लग्नाचा दाखला लागतो.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लग्नाचा दाखला ही नोंदणीची अट नाही. तुम्हालाच घर द्या, अशी सक्ती मात्र मालकावर करता येत नाही. घर मिळालं तर करारावर दोघांची नावं घाला. उद्या वाद झालाच, तर आपण इथे राहत होतो हे दाखवायला तोच कागद कामी येतो.

गैरसमज : काही वर्षं एकत्र काढली की आपोआप नवरा-बायको होतो.

वस्तुस्थिती : कायद्यात असा वर्षांचा आकडा कुठेच नाही. दीर्घकाळ पती-पत्नीसारखं राहिलेल्यांचं लग्न झालं असावं, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. पण पुरावा देऊन ते खोडताही येतं. नातं 'लग्नासारखं' ठरण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये कसोट्या सांगितल्या : दोघं लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला पात्र, म्हणजे अविवाहितही असावेत, स्वेच्छेनं बराच काळ एकत्र राहिलेले असावेत आणि समाजात पती-पत्नीसारखे वावरलेले असावेत.

गैरसमज : बायको नाही, म्हणून मारहाणीविरुद्ध दाद मागता येत नाही.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक समज आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, 2005 लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीलाही लागू होतो. घर त्याच्या नावावर असलं, तरी दोघांच्या राहत्या घरातून तिला परस्पर बाहेर काढता येत नाही. संरक्षण, निवारा, खर्चाची रक्कम आणि नुकसानभरपाई ती मागू शकते. ती पनवेलमध्ये तात्पुरती राहत असली, तरी पनवेलच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख पडावी आणि त्यानंतर 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

इथे एक धोका ओळखून ठेवा. पुरुष विवाहित आहे हे माहीत असूनही स्त्री त्याच्यासोबत राहिली, तर हे संरक्षण मिळणं अवघड होतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तसं सांगितलं आहे. पोटगीच्या तरतुदीतही 'पत्नी' हाच शब्द आहे. त्या व्याख्येत पत्नीसारखं राहिलेल्या स्त्रीला घ्यावं, असा प्रस्ताव महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं 2008 मध्ये मंजूर केला होता. कायद्यात मात्र तो बदल झाला नाही.

गैरसमज : अशा नात्यातल्या मुलांना कसलाच हक्क नाही.

वस्तुस्थिती : आई-वडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो, अज्ञान मुलाला वडिलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अनेक वर्षं पती-पत्नीसारख्या राहिलेल्या केरळमधल्या जोडप्याच्या मुलाला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये दिला.

गैरसमज : नॉमिनी लावला की सगळं जोडीदाराचं.

वस्तुस्थिती : हिंदू वारसा कायद्यातल्या वारसांत लग्न न झालेला जोडीदार नाही. दहा वर्षांचा संसार असला, तरी मृत्यूनंतर मालमत्ता आई-वडील, भावंडांकडे जाऊ शकते. नॉमिनी सहसा फक्त सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. उपाय मृत्युपत्राचा. ते साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदार लागतात आणि नोंदणी ऐच्छिक आहे. स्वकष्टाची मालमत्ता त्यातून जोडीदाराला देता येते.

लग्न झालेल्यांना बरेचसे हक्क त्या नात्यामुळेच मिळतात. तुम्हाला ते लिहून ठेवावे लागतात. एकमेकांवर विश्वास आहे तोवरच बसा आणि भाडेकरारावर दोन नावं, दोघांची मृत्युपत्रं, घरासाठी दिलेल्या पैशांची नोंद एवढं करून ठेवा. हिंसा होत असेल, तर कागद जमवत थांबू नका : महिलांसाठी 181, तातडीला 112, कायदेशीर मदतीला 15100.