लांकडाचीं उंच घरें

माडी बांधावयाची म्हणजे सिमेंट व लोखंड हवेंच, अशी समजूत खेडोपाडीं दृढ झाली आहे. लांकूड जळतें, कुजतें, त्यास वाळवी लागते, हे आक्षेप खोटे नाहींत. १८२८ सालीं पुण्याचा शनिवारवाडा आगींत गेला, हें सर्वश्रुतच आहे. तथापि नॉर्वे देशांत ब्रुमुंडाल गांवीं २०१९ सालीं ८५.४ मीटर उंचीची, १८ मजल्यांची इमारत लांकडी खांब-तुळयांवर पुरी झाली. हें कसें साधलें, तें शेतकरी बंधूंनीं समजून घेण्याजोगें आहे.

अखंड सोटास गांठी व भेगा असतात. म्हणून तेथें स्प्रूस नामक सूचिपर्णी झाडाच्या फळ्या सुकवून, एकीवर एक चिकटवून, तुळया करतात. एका फळीची गांठ दुसरीच्या सलग तंतूंनीं सावरली जाते. भिंतींकरितां थर आडवे-उभे आलटून पालटून बसवितात. लांकूड रुंदींत फुगतें, लांबींत फारसें नाहीं. म्हणून एक थर दुसऱ्यास आवरून धरतो.

आतां आगीविषयीं. काटकी भुरकन् जळते, ओंडका मात्र बराच वेळ धुमसतो. जाड तुळईचा बाहेरचा भाग कोळसा होतो व तो कोळसाच आंतील लांकडाची ढाल बनतो. उघड्या बाजूनें तासाभरांत सुमारें ४ सेंटिमीटर लांकूड जळतें. तेवढी जाडी अधिक धरूनच तुळई योजतात. शिवाय पाण्याचे फवारे असतातच. लांकूड हलकें, म्हणून वाऱ्यानें इमारत झुलूं नये यासाठीं वरच्या ७ मजल्यांच्या जमिनी काँक्रीटच्या केल्या आहेत. तेथेंहि लांकडाचा हट्ट धरलेला नाहीं.

आपणांस एक माडी पुरे. तिचीं मापें जाणत्या इंजिनियराकडून ठरवून घ्यावींत. जोतें दगडाचें व उंच असावें, खांब तळखड्यावर उभा करावा, वळचण लांब ठेवावी; म्हणजे ओल पोंचत नाहीं व वाळवीची वाट वेळींच नजरेस येते. बांबू तीन-चार वर्षांचा पक्का झाल्यावर, पावसाळा संपतांच तोडून बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यांत मुरवावा. हीं द्रव्यें पावसानें धुपतात, म्हणून तो छपराखालींच वापरावा.

२०१७ सालच्या दुरुस्तीनें भारतीय वन कायद्यांतील ‘झाड’ या व्याख्येंतून बांबू वगळला गेला. साग तोडण्यास मात्र महाराष्ट्रांत १९६४ च्या अधिनियमाप्रमाणें आधीं परवानगी लागते. बांधावरील सागाची नोंद सातबाऱ्यावर आहे किंवा नाहीं, हें घराचा नकाशा काढण्यापूर्वीच पाहून ठेवावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.